नानांची गाडी पुरातली नव्हती

धरणगावच्या एका लग्नात, जेवणाच्या पंगतीत मी जे बोललो, ते ऐकणारे बरेच जण आज हयात आहेत. त्यातले काही जण ते अजूनही चवीने सांगतात, असं माझ्या कानावर येतं. म्हणून हे लिहितो आहे. माझ्या बायकोच्या धाकट्या भावाने, ज्यांना आमच्याकडे सगळे नाना म्हणतात, मला पुरात बुडालेली गाडी कधीच दिली नव्हती. गाडी चांगली होती. तिच्यात पाणी मी भरलं.

नाना धुळ्याचे. त्यांनी नवी गाडी घेतली तेव्हा जुनी विकायला काढली नाही. स्वतः चालवत जळगावला आले, दारात उभी केली आणि मला म्हणाले, "दाजी, ही इथेच राहू द्या. अक्काचे गुडघे दुखतात, एसटीच्या पायऱ्या तिला चढवत नाहीत. तिला घेऊन येत जा." जाताना ते एसटीने गेले. गाडी पांढरी, चार दारांची, वापरून जुनी झालेली, पण डाव्या दारावरच्या एका ओरखड्याशिवाय अंगावर डाग नाही. सीटवर टाकलेली खोळ त्यांनी धुऊन, इस्त्री करून घातली होती.

त्या वेळी जळगावात माझं ठिबक सिंचनाचं आणि पाइपांचं दुकान होतं. आता मुलगा बघतो. दुकानापेक्षा माझं नाव गळती शोधण्यात होतं. रावेर-यावलकडच्या केळीच्या बागांतून लोक बोलवायला यायचे. जमिनीखालून गेलेली पाइपलाइन कुठे फुटली आहे, हे मी बांधावरून चालत, ओल बघत, कधी नुसता पाय आपटून सांगायचो आणि तिथेच खणायला लावायचो. बहुतेक वेळा बरोबर निघायचं. याचा मला फार ताठा होता. तो ताठा इथे सांगतो, कारण पुढचं सगळं त्याच्यापायी झालं.

पहिल्याच पावसाळ्यात आम्ही भडगावहून परत येत होतो. बायको डाव्या बाजूला बसली होती. वळणावर गाडी झुकली आणि ती ओरडली, "अहो, पाणी!"

"बाहेर आहे पाणी. पाऊस आहे."

"बाहेरचं मला दिसतंय. माझ्या चपला पोहतायत."

खाली बघितलं तर खरंच तिच्या पायाखाली डबकं. लुगड्याचा काठ चिंब. घरी येऊन गालिचा उचलला तर त्याच्या खालचा जाड नमदा पाणी पिऊन फुगलेला. तो गच्चीवर वाळत टाकला. पुढच्या पावसाला परत तेच.

मी शोध सुरू केला. एसीचं पाणी असेल म्हणून एसी बंद ठेवून पाहिलं, तरी पाणी आलं. पुढच्या काचेचं रबर बदललं. दारांची रबरं बदलली. गॅरेजवाल्याने काच काढून, डिंकासारखी पेस्ट भरून परत बसवली. पाणी येतच राहिलं. गाडीत भिजलेल्या सतरंजीसारखा वास बसला. सीटच्या पट्ट्यावर पांढरी बुरशी यायची, ती बायको व्हिनेगरने पुसायची. तिसऱ्या पावसाळ्यापर्यंत तिने गाडीत प्लास्टिकचं टोपलं ठेवलं होतं, पाय वर ठेवायला. लोकांना सोडताना ती म्हणायची, "दाराशी उभे राहू नका, आमची होडी निघतेय." लोक हसायचे. मला ते हसू झोंबायचं.

कोसभर पाइपलाइनची गळती मी शोधतो, आणि ही एवढीशी गाडी मला दाद देत नाही. मग माझ्या डोक्याने सोयीचा रस्ता काढला. मला गळती सापडत नाही, याचा अर्थ गळती एका जागी नाहीच, अख्खा पत्राच सडलेला आहे. पत्रा सडलेला आहे म्हणजे गाडी कधीतरी पाण्याखाली होती. नानांचं घर पांझरा नदीच्या काठाजवळ. झालं. मला उत्तर मिळालं, आणि त्या उत्तरात माझी काही चूक नव्हती.

धरणगावच्या लग्नात आमच्या गाडीवरून चेष्टा निघाली. कोणीतरी म्हणालं, "काय भाऊ, होडी आणली का?" मी ताटावरून मान वर करून म्हणालो, "होडीच असणार ना. पुरातून काढलेली गाडी बहिणीच्या गळ्यात बांधली तर दुसरं काय होणार!" मला वाटलं होतं चारच जणांना ऐकू जाईल. पण पंगतीत नेमक्या त्या वेळी वाढपी थांबलेले होते. नाना समोरच्या ओळीत बसले होते. त्यांनी ताट बाजूला सरकवलं, हात धुतले आणि बाहेर गेले. बायको माझ्याकडे बघत राहिली. मी वरण मागितलं.

त्यानंतर नाना आमच्या घरी आले नाहीत. भांडण नाही, निरोप नाही. बहिणीला ते फोन करायचे, मी उचलला की "अक्काला द्या" एवढंच. ती माहेरी जायची तर एसटीने, कठड्याला धरून एकेक पायरी चढत. गाडी दारात उभी असायची. मी सोडायला जातो म्हटलं की ती म्हणायची, "त्या गाडीतून मी माझ्या भावाच्या दारात उतरू?" मग मी चावी परत खुंटीला अडकवायचो. आणि नातेवाइकांत बोलणं पसरतच गेलं. नानांनी गाड्यांचा व्यवहार कधी केला नाही, आयुष्यभर शाळेत शिकवलं. तरी "पुरातली गाडी खपवणारा" म्हणून त्यांची ओळख झाली. त्यांच्या मुलाच्या सोयरिकीच्या वेळी समोरच्यांनी हसत हसत तो विषय काढला होता, हे मला फार उशिरा कळलं. ते कळल्यापासून मला नीट झोप लागेना.

नानांना नात झाली. बारशाचा फोन आला. माझ्यासमोरच बायको बोलत होती. फोन ठेवून ती म्हणाली, "मला बोलावलंय."

"आणि मला?"

"तुमचं नाव निघालं नाही."

ती पुढे म्हणाली, "खरं सांगू का? मला माझा भाऊ माहीत आहे. त्याने मला मोडकी सुईसुद्धा दिली नसती. पाणी कुठून येतं ते एकदाचं शोधा. सापडलं की आपण दोघं जाऊ, आणि तुम्ही सगळ्यांसमोर सांगायचं. नाही सापडलं तर मी एसटीने जाते आणि तुम्ही घरी बसा. पण यापुढे नानाचं नाव गाडीच्या संदर्भात काढायचं नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी गाडी अंगणात घेतली. डावी सीट नट खोलून बाहेर काढली, गालिचा आणि नमदा काढला. खालचा पत्रा उघडा झाला. तो मी पहिल्यांदाच नीट बघत होतो. सडका मानलेला पत्रा हातोडीने ठोकला. खणखणीत वाजला. एका कोपऱ्यात तळहाताएवढा गंजाचा तांबेरा होता, बाकी पत्र्याला कारखान्यातला रंग अजून तसाच. पुरात राहिलेल्या गाडीचा पत्रा असा वाजत नाही, हे मला तिथेच कळलं. मी हातोडी खाली ठेवली.

बायको चहा घेऊन आली. "काय झालं?"

"पत्रा चांगला आहे."

"मग पाणी?"

"वरून कुठून तरी. काचेतून नाहीतर दारातून."

"मग दोन्हीकडे पाणी टाका आणि बघा."

"पाणी पाण्यासारखंच दिसतं. खाली आल्यावर कळणार कसं कुठलं कुठलं ते?"

तिने चहाचा कप माझ्या हातात दिला आणि आत गेली. आली ती दोन बादल्या घेऊन. एकीत हळद कालवली होती, दुसरीत कपड्यांची नीळ. म्हणाली, "काचेवर पिवळं टाका, दारावर निळं. मी आत बसते बॅटरी घेऊन." पाइपलाइनच्या धंद्यात माझी एवढी वर्षं गेली, पाण्याला रंग देण्याचं कधी सुचलं नाही.

ती गाडीत शिरली. गुडघे दुखत असताना, सीट काढलेल्या जागेत, पाटावर बसली. मी आधी दारावर, काचेच्या खालच्या फटीत, तांब्याने निळं पाणी सोडायला लागलो. "आलं?" "नाही." अजून सोडलं. "आलं?" "नाही हो, कोरडं." अर्धी बादली गेली. निळं पाणी आत आलं नाही, आणि विचित्र म्हणजे दाराखालून बाहेरही आलं नाही. ते गेलं कुठे? मी दार जरासं हलवलं. आतून घागर हिंदकळावी तसा आवाज आला. तेव्हा मी त्याच्याकडे लक्ष दिलं नाही.

मग पुढच्या काचेवर हळदीचं पाणी. ते काचेवरून घरंगळत खाली, वायपरांच्या खालच्या काळ्या जाळीत गेलं. एक तांब्या, दोन तांबे. बादली संपत आली आणि आतून किंकाळीच आली, "पिवळं ऊनं! अहो, पिवळं ऊनं!"

ऊनं म्हणजे आलं. माझ्याशी ती नेहमी शहरी मराठीत बोलते. इतक्या वर्षांत तिच्या तोंडून माझ्यासाठी तिच्या माहेरची बोली अशी फुटली नव्हती. मी आत डोकावलो. डॅशबोर्डच्या खालून, जिथे पंखा असतो तिथून, हळदीची धार लागली होती आणि ती टाळ्या वाजवत होती.

मी बॉनेट उघडलं. जाळीचे स्क्रू काढून ती बाजूला केली. जाळीखाली पत्र्याची एक पन्हळ असते. काचेवरचं पाणी तिच्यात जमतं आणि कडेला असलेल्या रबरी नळीतून खाली, जमिनीवर जातं. ही पन्हळ काठोकाठ भरलेली होती. वर लिंबाच्या कुजलेल्या काड्या आणि सरकीच्या कापसाचे पुंजके तरंगत होते. आत हवा ओढणाऱ्या पंख्याचं तोंड त्या पन्हळीतच आहे. पन्हळ भरली की पाणी त्या तोंडातून सरळ बायकोच्या पायावर. मी नळीचं तोंड साफ करायला काडी घातली, काडी आत गेली, पण पाणी हललं नाही. मग इंजिनाच्या मागे हात घालून मी नळी चाचपत खाली गेलो. खालच्या टोकाला माझ्या बोटांना जे लागलं ते मी डोळे मिटून ओळखलं.

ठिबकची नळी शेतात जिथे संपते तिथे ती दुमडतात आणि आठच्या आकड्यासारखी प्लास्टिकची काळी कडी तिच्यावर चढवतात, म्हणजे टोकातून पाणी वाया जात नाही. आम्ही तिला एन्ड कॅप म्हणतो. माझ्या दुकानात ती पोत्याने असायची. गाडीची रबरी नळी तशीच दुमडलेली होती आणि तिच्यावर ती कडी होती.

गाडी आली त्या पहिल्या आठवड्यातली गोष्ट मला लख्ख आठवली. उन्हाळा होता, आमच्याकडची धूळ तुम्हाला माहीत आहे. गाडीत धूळ येऊ नये म्हणून दुपारभर बसून मला जे जे भोक दिसलं ते मी बंद केलं. धुताना इंजिनाजवळची नळी ठिबकताना दिसली, तेव्हा उघडं टोक कोणीतरी बंद करायचं विसरलं असं समजून मी ती दुमडून कडी चढवली. दारांच्या तळाशी बारीक फटी होत्या, त्यांत सिलिकॉन भरलं. संध्याकाळी हात पुसत मी बायकोला म्हणालो होतो, "नानाला गाडी ठेवता येत नाही. बघ आता कशी झाली." आयुष्यभर मी पाणी अडवण्याचा धंदा केला. पाण्याला बाहेर जायला कोणी मुद्दाम वाट ठेवत असेल, हे माझ्या डोक्यात शिरणं शक्यच नव्हतं.

"काय सापडलं?" बायकोने खिडकीतून विचारलं.

मी म्हणालो, "मी."

"म्हणजे?"

मी कडी ओढली. नळी सरळ झाली आणि अख्खी पन्हळ भसाभसा माझ्या पायांवर रिकामी झाली. पिवळं पाणी, काळा गाळ, कापूस, लिंबाच्या काड्या, सगळं. मी धोतर सावरत मागे सरलो आणि काय झालं कुणास ठाऊक, मला हसू फुटलं. तशी बायकोही हसायला लागली. मी तिच्या हातात कडी ठेवली. ती काय आहे हे दुकानदाराच्या बायकोला सांगावं लागलं नाही. ती हसायची थांबली, तिने कडीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "आता दारं उघडा."

दारांच्या फटींतलं सिलिकॉन मी चाकूने कोरून काढलं. चारही दारांतून पाणी आलं, एकातून अर्थात निळं. पाठोपाठ मी नळीतून तार फिरवली, पन्हळ पुसून काढली. तांबेरा घासला, त्यावर रेड ऑक्साइड मारलं. नमदा दोन दिवस उन्हात कडक वाळवला. सगळं बसवण्याआधी बायको परत पाटावर बसली आणि मी अंगणातला नळ पाइप लावून काचेवर पूर्ण सोडला. पाणी पन्हळीतून नळीत आणि नळीतून जमिनीवर, असं सरळ वाहिलं. आत ती वर्तमानपत्र वाचत बसली होती. पत्र्यावर अंथरलेलं एक पान मला खिडकीतून दाखवून म्हणाली, "कडक आहे. पापडासारखं."

बारशाच्या दिवशी आभाळ भरलेलं होतं. एरंडोलपर्यंत नुसते शिंतोडे. पारोळा सोडलं आणि जो पाऊस लागला तो समोरचा ट्रक दिसेना एवढा. एरवी मी गाडी कडेला घेतली असती. त्या दिवशी मला वाटत होतं, येऊ दे अजून. बायकोने चपला काढून अनवाणी पाय गालिचावर ठेवले होते आणि दर थोड्या वेळाने वाकून हात लावत होती.

"काय?"

"तुम्ही पुढे बघा. खालचं मी बघते."

"पण काय?"

"कोरडं."

धुळ्याच्या हॉलमध्ये नानांनी बहिणीला हाताला धरून आत नेलं. मला "या" म्हणाले, तेही माझ्या खांद्यावरून मागे बघत. पाळणा झाला, नाव ठेवलं, बायकांनी पाळणे म्हटले. नाव सांगायला आणलेला माईक टेबलावर पडला होता. लोक जेवायला उठायच्या आत मी तो उचलला. तो असा किंचाळला की बाळ दचकून रडायला लागलं आणि सगळा हॉल माझ्याकडे वळला. मला तेच हवं होतं.

मी म्हणालो, "धरणगावच्या लग्नात मी नानांच्या गाडीबद्दल बोललो होतो. ते खोटं होतं. गाडी पुरातली नाही. तिचं पाणी बाहेर जायची नळी मी स्वतः ठिबकची कॅप लावून बंद केली होती. दारंही मीच बुजवली. नानांनी दिलेली गाडी चांगली होती, आणि आजही आहे." खिशातली कडी काढून मी वर धरली.

मग मागून आवाज आला, "म्हणजे दाजींनी गाडीला ठिबक बसवलं!"

"सरकारचं अनुदान मिळालं का हो दाजी?" दुसरा.

हॉल हसण्याने फुटला. मी तसाच उभा राहिलो. इतकं हसणं माझ्या वाट्याचंच होतं, आणि खरं सांगायचं तर मला बरं वाटत होतं. नाना मात्र हसत नव्हते. ते लोकांमधून वाट काढत माझ्यापर्यंत आले. मला वाटलं, आता काहीतरी बोलतील, आणि जे बोलतील ते ऐकून घ्यायचं. त्यांनी हात पुढे केला.

"चावी द्या, दाजी."

मी चावी दिली. ते पावसातच बाहेर गेले, गाडी हॉलच्या दाराशी आणली, खाली उतरले आणि आत बघून शिक्षकाच्या आवाजात म्हणाले, "चला. जे जे धरणगावला होते त्यांनी चार-चार जणांनी बसायचं. चपला बाहेर काढायच्या."

जेवणं खोळंबली. आचारी वैतागला, "बट्ट्या गार होतील, नाना!" नाना म्हणाले, "परत तळ." आणि धुळ्याच्या त्या रस्त्यावर, धो धो पावसात, नाना चार-चार नातेवाइकांना भरून गाडीची फेरी मारायला लागले. खड्डा दिसला की मुद्दाम त्यातून घालायचे. काचांवर पाण्याचे लोट यायचे. परत आले की प्रत्येकाला वाकून गालिचाला हात लावायला सांगायचे. पहिल्या फेरीत लोक चेष्टेने बसले. तिसऱ्या फेरीला रांग लागली होती. बायको हॉलच्या पायरीवर उभी राहून लोकांना ढकलत होती, "मामा, तुम्ही राहिलात. तुम्ही फार बोलत होतात. बसा."

शेवटच्या फेरीत भडगावची मामी होती, बायकोची. ती धरणगावची गोष्ट सगळ्यांत जास्त लांबपर्यंत पोचवणारी. नानांनी तिला पुढे बसवलं, डाव्या बाजूला, आणि मला मागे. चौकापर्यंत जाऊन नानांनी गाडी वळवली, एका डबक्यातून अशी काढली की दोन्ही बाजूंनी पाण्याच्या भिंती उठल्या, आणि हॉलसमोर सगळे उभे होते तिथे ब्रेक मारला. खिडकीची काच खाली केली.

"मामी, हात लावा."

मामी कण्हत वाकली. गालिचावर हात फिरवला, कोपऱ्यात बोट घातलं, बोट डोळ्यांसमोर धरून बघितलं.

"कोरडं शे," ती पुटपुटली.

"ऐकू नाही आलं," नाना म्हणाले. "सगळं कोरडं आहे का, बाहेरच्यांना सांगा."

मामीने खिडकीतून डोकं बाहेर काढलं. पाऊस तिच्या केसांवर पडत होता. ती ओरडली, "बठ्ठं कोरडं शे!"

आणि मग इतक्या वर्षांनी पहिल्यांदा नाना आरशातून माझ्याकडे बघून हसले.